चांगल्या पायातला खडा

दांडा गप्प झाला होता.

सूर्याजी खराड्याला हे गुरुवारी सकाळी कळलं, आणि ते आधी कळलं त्याच्या उजव्या हाताच्या तळव्याला. हेलिकॉप्टर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर टांगल्यासारखं उभं होतं. खाली महाराजपुऱ्याच्या मैदानातलं गवत गोल गोल लोळत होतं, दूर ग्वाल्हेरच्या किल्ल्याची कड उन्हात नेहमीसारखी बेफिकीर पसरली होती, आणि दोन गुडघ्यांमधला तो दांडा त्याच्या मुठीत एखाद्या सरकारी पाहुण्यासारखा बसला होता: सभ्य, ताठ आणि काहीही न सांगणारा.

हे यंत्र असं कधीच नव्हतं. युद्धात सूर्याजीने विमानं चालवली होती. विमानाचं एक असतं. दिशा देऊन हात सैल सोडला तरी ते आपल्या वाटेने जात राहतं. हेलिकॉप्टर हात सोडू देत नाही. डाव्या हाताचा दांडा वर ओढला की यंत्र वर उठतं, पण त्याच क्षणी नाक उजवीकडे पळू लागतं आणि ते डाव्या पायाने धरावं लागतं. पायाने धरलं की मधल्या दांड्याला थोडं सावरावं लागतं. तो सावरला की डाव्या हाताला पुन्हा कळवावं लागतं. जुन्या एकत्र कुटुंबासारखी सगळी रचना. एकाला हात लावला की तिघांची तोंडं फिरतात.

त्यातून मधल्या दांड्याचा स्वभाव वेगळाच. तो हलवल्यावर यंत्र लगेच हलत नाही. अर्धा श्वास थांबतं. शिकाऊ माणसाला वाटतं ऐकलं नाही, म्हणून तो आणखी रेटतो. तोवर पहिला हुकूम पोचलेला असतो, दुसरा त्याच्या पाठीवर येऊन बसतो, आणि यंत्र भलतीकडे धावतं. मग घाबरून उलटा रेटा, पुन्हा तोच उशीर, आणि पाळण्यासारखे हेलकावे सुरू. मुंबईला तीन महिने शिकताना त्याच्या गुरूने हताश होऊन म्हटलं होतं, ‘‘दांडा हलवू नकोस. हलवावासा वाटला, की तेवढं पुरे असतं.’’ बाकीच्यांना हे वाक्य उमगायला महिना लागला. सूर्याजीला लागला अर्धा दिवस. त्याच्या तीन पिढ्या शिंदेशाही रिसाल्यात घोड्यावर गेल्या होत्या. लगाम ओढायचा नसतो, बोटांनी विचारायचा असतो, हे त्याला चालता येण्याआधी सांगितलं गेलं होतं.

घोड्याचं तोंड लगामातून बोलतं, तसं या यंत्राच्या पंख्याचं चक्र दांड्यातून बोलत असे. माथ्यावरची दोन लाकडी पाती फिरताना जे काही सोसत, ते सेकंदाला पाच-सहा बारीक ठोक्यांनी तळव्यात उतरे. जुलैपासून ते ठोके जरा जडावले होते. आणि आज एकही नाही.

त्याने यंत्र खाली टेकवलं, इंजिन बंद केलं आणि दांड्याच्या बुडाशी हात घातला. तिथे एक खरबरीत चकती असते. ती आवळली की दांडा जड होतो. लांबच्या उड्डाणात हाताला विसावा मिळावा म्हणून ती असते. सूर्याजी ती नेहमी सैल ठेवी. आज ती पाऊण फेरा आवळलेली होती.

‘‘कोणीतरी याच्या तोंडात बोळा कोंबलाय,’’ तो स्वतःशी म्हणाला.

कोणी, हा प्रश्न त्याला फार वेळ पडला नाही. संशयाला एक सोय असते. तो घरच्या वाटेने न जाता नेहमी शेजाऱ्याच्या दारातून आत शिरतो.

सन छप्पन्नचा सप्टेंबर संपत आला होता. आठ वर्षांत दुसऱ्यांदा एक राज्य गुंडाळलं जात होतं. पहिल्या खेपेला, संस्थान विलीन झालं तेव्हा, रिसाल्यातल्या घोड्यांची आणि स्वारांची यादी एकाच फाईलमध्ये झाली होती. घोड्यांचा लिलाव झाला, स्वारांना तेवढाही मान मिळाला नाही. आता नोव्हेंबरच्या एक तारखेला त्यानंतरचं राज्यही एका मोठ्या नव्या राज्यात मिसळून राजधानी भोपाळला जाणार होती, आणि पाहणी खात्याच्या विमान कक्षाला एक छापील तक्ता आला होता. त्यात वस्तूंसाठी दोन रकाने होते: ‘चालू’ आणि ‘नादुरुस्त’. चालू वस्तू आपल्या माणसांसकट भोपाळला जाणार. नादुरुस्त वस्तूंचा लिलाव होणार आणि त्यांची माणसं ‘अतिरिक्त’ ठरणार. मनुष्यजातीच्या इतिहासात माणसांची विल्हेवाट लावण्याच्या अनेक रीती होऊन गेल्या, पण एवढी नीटनेटकी क्वचितच. चंबळच्या घळी वरून मोजण्यासाठी परदेशातून जुनं घेतलेलं हे एकुलतं हेलिकॉप्टर, ते चालवणारा सूर्याजी आणि ते सांभाळणारे त्याचे सख्खे मामा महिपतराव, असा तो सगळा कक्ष होता. मंगळवारी नागपूरहून तपासनीस येणार होता. मंगळवारी दोघांचं आयुष्य कुठल्यातरी एका रकान्यात पडणार होतं.

हँगरच्या किल्ल्या दोनच. एक मामांकडे. दुसरी कचेरीत भालचंद्र पाग्यांकडे. भालचंद्रपंत खात्याचे अधीक्षक; त्यांचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळत, आणि सूर्याजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असं सांगितलं जाई की तलवारीने मिळवलेलं सगळं या मंडळींनी लेखणीने घालवलं. बुधवारी पंत हँगरमध्ये येऊन गेले होते. यंत्राला प्रदक्षिणा घालून त्यांनी विचारलं होतं, ‘‘किती तास झाले हो उड्डाणाचे?’’ उड्डाणाशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्याला तासांची चौकशी कशाला? सूर्याजीने सगळं जुळवून घेतलं. पंतांना यंत्र नको होतं. तपासनिसासमोर ते बिघडावं, अपघात झालाच तर पायलटच्या हाताचा दोष ठरावा, आणि कागद स्वच्छ व्हावा.

त्याने चकती सैल केली आणि तिच्या कडेपासून खालच्या पत्र्यापर्यंत पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढली. शनिवारी सकाळी रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा पाऊण फेरा सरकला होता.

तो तडक कचेरीत गेला.

अर्धी कचेरी पेट्यांत भरली होती. भालचंद्रपंत एका पेटीवर बसून सुतळीची गाठ दातांनी आवळत होते.

‘‘या, रिसालदार,’’ पंत म्हणाले. ‘‘हात मोकळा असेल तर या गाठीवर बोट ठेवा.’’

‘‘गाठी मारण्यात तुम्ही कुणाला हार जाल असं वाटत नाही. हँगरची किल्ली काल कुठं होती?’’

‘‘माझ्या जानव्याला. का?’’

‘‘माझ्या दांड्याची चकती कुणीतरी आवळतंय. दोनदा. मी रेघ मारून पाहिलंय.’’

पंतांनी सुतळी सोडली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सूर्याजीकडे पाहिलं.

‘‘आणि ते मी करतो. वा! सूर्याजीराव, त्या यंत्राचा कुठला कान पिळला म्हणजे ते ओरडतं, हे मला माहीत असतं तर मी इथं सुतळी चावत बसलो असतो का?’’

‘‘मग तासांची चौकशी कशाला केलीत?’’

‘‘कारण पात्यांचं आयुष्य तासांवर असतं, असं तुमच्याच मामांनी मला लिहून दिलंय.’’ ते उठले, पेटी उघडली, शिव्या पुटपुटत पुन्हा तीच सुतळी सोडली आणि एक फाईल काढली. ‘‘वाचा. लेखणीवाल्याचं अक्षर आहे, पण वाचता येईल.’’

नव्या पात्यांची मागणी करणारी तीन पत्रं होती: जुलैत दोन, ऑगस्टच्या आरंभी एक. तिन्हींवर पंतांची सही. तिन्हींना एकच उत्तर, की असे निर्णय नवीन राज्य घेईल. नवीन राज्य अजून जन्माला यायचं होतं. पण जन्मायच्या आधीच त्याला नकार देता येत होता, ही त्याच्या भवितव्याविषयी आशादायक गोष्ट होती. पत्रांखाली महिपतरावांच्या हातची टाचणं होती. पहिल्यात लिहिलं होतं, ‘एक पातं पाणी पितं. लाकडाचा जोड पाहणं जरूर.’ शेवटचं टाचण वीस ऑगस्टचं होतं: ‘दुरुस्ती झाली. मागणी रद्द समजावी.’

सूर्याजीने ते दोनदा वाचलं.

‘‘लाकडाची दुरुस्ती इथं होते का हो?’’ पंतांनी हळूच विचारलं. ‘‘मला खरंच मालूम नाही. मी पुरता ब्राह्मण आहे त्या बाबतीत.’’

‘‘नाही होत,’’ सूर्याजी म्हणाला.

‘‘हं.’’ पंतांनी फाईल परत घेतली. ‘‘मग तुमची ती रेघ कुणाच्या दारात जाते, ते तुम्हीच पाहा. माफी मागायची गरज नाही; त्याचा रकाना नाहीये तक्त्यात.’’

शिंदे की छावनीत घरी पोचेपर्यंत त्याने मामांना चार वेळा निर्दोष सोडलं होतं. वडील लवकर गेले. घोड्यावर त्याला मामांनी बसवलं, विमानाच्या शाळेत मामांनी घातलं. जेवताना बायको, विजया, सहज म्हणाली, ‘‘आज मामा दिसले नई सडकेवर. सायकलवाल्याच्या दुकानात चिकटपट्टी घेत होते. कापडाची, इतकी मोठी गुंडाळी. मी म्हटलं, मामा, सायकल तर तुमच्यापाशी नाही. तर म्हणतात, विजे, तू जल्दी घरी जा, ऊन फार आहे.’’

सूर्याजीने ताटावरून हात उचलला.

‘‘काय झालं? भाजीत मीठ जास्त पडलं?’’

‘‘नाही. मीठ बराबर आहे.’’

दुपारी पंतांकडची किल्ली मागून त्याने हँगर उघडला. मामा नव्हते. त्याने घडीची शिडी लावली आणि पात्यांच्या टोकांशी गेला. एका पात्याचं टोक लाकडाला शोभेल असं कठीण होतं. दुसऱ्याच्या टोकाला त्याने नख लावलं. रंगाखाली काहीतरी दबलं. नख कडेकडेने सरकवत त्याने थर मोजले: एक, दोन, तीन… सात. कापडाच्या पट्टीचे सात वेढे, वर हुबेहूब रंग, वर मेणाची चकाकी.

पाती जोडीने समतोल राहावी म्हणून हलक्या पात्याला एखादा वेढा देणं, यात गैर काही नाही. प्रत्येक कारागीर तो देतो. पण एक पातं आतून पाणी पीत दर आठवड्याला जड होत असेल, आणि त्याच्या बरोबरीने धडक्या पात्याला दर आठवड्याला एक वेढा चढत असेल, तर त्याला समतोल म्हणत नाहीत. रोगी आणि निरोगी यांच्यात घडवून आणलेला तो समझोता असतो.

‘‘उतर खाली. शिडी जुनी आहे.’’

मामा दारात उभे होते. चौपन्न वर्षांचा, सुपारीसारखा सुकलेला माणूस. हातात नई सडकेवरची गुंडाळी.

‘‘आठवा वेढा का, मामा?’’

महिपतरावांनी गुंडाळी बाकावर ठेवली आणि ते खाली बसले.

‘‘चकतीसुद्धा तुम्हीच?’’

‘‘तुझा हात फार कान देतो,’’ मामा म्हणाले. ‘‘आणि तो नागपूरवाला पण जुना पायलट आहे म्हणतात. दांडा हातात घेतल्याशिवाय राहणार नाही. वेढ्याने अंग थरथरायचं थांबतं, पण दांडा चुगली करतोच. म्हणून आवळली. यार, चार दिवसांची गोष्ट होती. एकदा चालूच्या रकान्यात बसलं, भोपाळला गेलं, की नवी पाती मागता आली असती. नादुरुस्त वस्तूला कोण पाती देतं?’’

‘‘आणि त्या चार दिवसांत जोड सुटला असता तर?’’

‘‘नाही सुटला ना!’’ मग आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘‘हे काय मी शोधून काढलं? आपल्याकडे पहिल्यापासून चालत आलंय. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. सालाना हजिरीत घोडा नापास झाला की शिलेदारी गेली. उद्यापासून दुसऱ्याच्या घोड्यावर, बारगीर म्हणून. मग एक पाय दुखरा असला तर काय करायचे ठाऊक आहे? दुखरा पाय कुणी लपवत नसे. जो पाय चांगला, त्याच्या खुरात खडा बसवायचे. दोन्ही पाय सारखे दुखले, की लंगडणं दिसत नाही. घोडा जरा आखडून चालतो, बस. मुआयना करणारा म्हणतो, जातिवंत आहे, दबकत चालतो. मी नऊ वर्षांचा होतो. बापाच्या घोड्याला खडा मी स्वतः धरून दिला. पास झाला घोडा.’’

‘‘पुढं?’’

‘‘पुढं काय?’’

‘‘घोड्याचं पुढं काय झालं, मामा?’’

महिपतराव गुंडाळीचं टोक नखाने उचकटत राहिले.

‘‘चौथ्या महिन्यात. मुरारच्या वाटेवर, उतारावर, भरधाव. दोन्ही पुढचे पाय एकदम गेले.’’

‘‘आणि आजोबा?’’

सूर्याजीला उत्तराची गरज उरली नाही. आजोबांची कुबडी त्याने पाहिली होती. तीस वर्षं ते तिच्यावर चालले. पाय लढाईत गेला, हे अर्ध्या ग्वाल्हेरला ठाऊक होतं. कोणत्या लढाईत, हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं. घराण्यांच्या बखरी अशाच लिहिल्या जातात. साल विचारणारा माणूस जेवायला बोलावला जात नाही.

‘‘तुझ्या दोन पोरी आहेत,’’ मामा अखेर म्हणाले. ‘‘मला चौपन्नाव्या वर्षी कोण ठेवणार? दाल बाजारात पोती मोजू? रिसाल्यातले घोडे गेले तेव्हा मी खालमानेने यंत्राचं काम शिकलो. आता यंत्र गेलं तर शिकायला काय उरलंय, सांग. मंगळवारचा एक फेरा. दहा मिनिटं. तू गप्प बस, दांडा पण गप्प बसेल.’’

सूर्याजीने शिडी घडी करून भिंतीला लावली आणि सायकल काढून निघून गेला.

सोमवारी परतीचा पाऊस दिवसभर कोसळला. मंगळवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. नागपूरचे तपासनीस मानसिंगराव नऊच्या ठोक्याला आले. थोराड, कमी बोलणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे भालचंद्रपंत तक्त्याची पाटी छातीशी धरून चालत होते.

‘‘कागदांवर तर यंत्र उत्तम आहे,’’ मानसिंगराव म्हणाले. ‘‘कारागिराचं टाचण आहे, दुरुस्ती झाली म्हणून. एक चक्कर मारू, आणि सही.’’

महिपतरावांनी काचेचं दार उघडून धरलं. सूर्याजी आत बसताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी घोड्यावर चढवताना ठेवत तसा. सूर्याजीने चकती चाचपली. आज पुरा एक फेरा आवळलेली होती.

इंजिन सुरू झालं. पाती आळसावून फिरू लागली, मग एकमेकांत मिसळून त्यांचं एक करडं वर्तुळ झालं. काल दिवसभर हँगरच्या गळक्या छपराखाली एक पातं पोटभर पाणी प्यायलं होतं. सात वेढे त्याला पुरे पडत नव्हते, हे सूर्याजीला आसनातूनच कळलं. अगदी हलकी डुगडुग. नवख्याला वाटावं, इंजिनचीच आहे. दांडा मात्र सभ्य, ताठ.

‘‘छान,’’ शेजारून मानसिंगराव म्हणाले. त्यांच्यासमोरही तसाच जोडदांडा होता आणि त्यांनी तो दोन बोटांत धरला होता. ‘‘जरा जड आहे. वर घ्या.’’

सूर्याजीचा डावा हात उचलायच्या दांड्यावर होता. दोन इंच ओढला की जमीन सुटली असती. दहा मिनिटं. भोपाळ. पोरींची शाळा. मामांची म्हातारी वर्षं. बाहेर गवत लोळत होतं आणि पलीकडे मामा डोळ्यांवर हात आडवा धरून उभे होते. हजिरीच्या दिवशी नऊ वर्षांचं पोर उभं असेल, तसे.

त्याने डावा हात दांड्यावरून काढला, खाली घातला आणि चकती पूर्ण सैल केली.

‘‘साहेब, आता दांडा धरा. मूठभर.’’

मानसिंगरावांनी धरला. त्यांच्या कपाळावर आधी काहीच नव्हतं. मग एक आठी आली आणि तिथेच राहिली. दोघांच्या हातात एकच दांडा दोन जागी गोल फिरू पाहत होता, सेकंदाला सहा ठोके, आणि प्रत्येक सहाव्यात एक हिसका, कुणीतरी आतून दार वाजवावं तसा.

‘‘वर घेता?’’ त्यांनी विचारलं. ती आज्ञा आहे की परीक्षा, हे आवाजावरून कळत नव्हतं.

‘‘नाही, साहेब. याच्यावर नाही.’’

‘‘बंद करा.’’

वर्तुळ विरघळून पुन्हा दोन पाती झाली. शांतता पडली तेव्हा मानसिंगरावांनी स्वतःचा तळवा उलटून पाहिला.

‘‘चकती कोणी आवळली होती?’’

गुरुवारपासून शनिवारपर्यंत सूर्याजी हाच प्रश्न घेऊन हिंडला होता. पेन्सिलीने रेघ मारली होती. आता उत्तर जवळ होतं आणि ते ऐकायला नेमका योग्य माणूस बसला होता.

‘‘ती पायलटच्या हाताखाली असते, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘पायलटलाच विचारायला हवं.’’

मानसिंगरावांनी काचेतून बाहेर उभ्या असलेल्या महिपतरावांकडे पाहिलं, मग सूर्याजीकडे. मग ते दार उघडून खाली उतरले.

शिडी मामांनीच लावली. कुणी सांगितलं नव्हतं. खिशातला चाकू काढून त्यांनी सातही वेढे एकामागून एक कापून खाली टाकले. मग दुसऱ्या, दुखऱ्या पात्याच्या बुडाशी गेले आणि रंग खरवडला. जोडावर बोटभर लांबीची फट होती. चाकूचं टोक आत घातलं तेव्हा तिच्यातून पाण्याचा एक थेंब निघाला, मग दुसरा. चौघेही ते थेंब जमिनीवर पडताना पाहत राहिले. भालचंद्रपंतांनी पाटीवर तक्ता सरळ केला आणि मानसिंगरावांच्या हातात पेन दिलं. ‘नादुरुस्त’ लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्याखाली कर्मचाऱ्यांची दोन नावं आधीच छापलेली होती.

दुपारी मामा-भाचे महाराजपुऱ्याच्या रस्त्याने चालत निघाले. सायकल एकच, ती सूर्याजी हाताने ढकलत होता. गोळ्याचं मंदिर आलं.

‘‘त्या हजिरीच्या दिवशी,’’ महिपतराव म्हणाले, ‘‘कुणी पुढं होऊन तो खडा काढला असता, तर बापाने त्याला तिथंच शिव्या दिल्या असत्या. आईबहिणीवरून.’’

‘‘द्या की मग,’’ सूर्याजी म्हणाला.

मामांनी रस्त्याकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि सुरुवात केली. आधी रिसाल्यातल्या ठेवणीतल्या मराठीत, मग ती अपुरी पडली तेव्हा हिंदीत, नापास भाच्याला, त्याच्या हाताला, त्याच्या कानाला, नागपूरला आणि भोपाळला. छावनी येईपर्यंत ते थांबले नाहीत. सूर्याजी सायकल ढकलत शेजारून चालत होता आणि मामांच्या मोकळ्या पडणाऱ्या दोन्ही पायांकडे पाहत होता.